प्रकार लिहिलेला नसल्यास

यादी नऊ ओळींची होती आणि सातव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. नाव नव्हतं, यादीत नावं नसतातच. नंबर होता. शेवटचे आकडे चार, चार, एक, सात. हे आकडे त्याला स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ होते, कारण सव्वादोन वर्षं तो याच आकड्यांवर बारकीच्या तपासण्यांच्या वेळा ठरवत आला होता. बारकी म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिला जाऊन आठ महिने झाले होते. नंबरापुढे चार रकाने होते. तेव्हा लावलेला कोड : अकरा. असायला हवा तो कोड : दहा. लावणाऱ्याची सही : ती त्याची स्वतःची होती, शेपटी वर उडवलेली, जिच्यावरून अख्खं खातं त्याची थट्टा करायचं. आणि शेवटच्या रकान्यात रुग्णाची सद्यःस्थिती : मृत. त्याने चहाचा कप बशीत ठेवला आणि नंबर पुन्हा एकदा, आकडा आकडा करून वाचला.

दवाखान्याच्या तळघरातली ही खोली. वर माणसं बरी व्हायची किंवा मरायची, आणि दोन्हीच्या फाइली खाली यायच्या. मग त्या फाइलीतल्या आजाराला कोड लावायचा, म्हणजे वर्षाच्या शेवटी कुठला आजार किती जणांना झाला ते सरकारला कळतं. खात्यात सहा जण, वर मोठ्या बाई, आणि सगळ्यांत जुना हा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो डॉक्टरांच्या अक्षरांतल्या चुका लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि नव्या पोरींना तेच तेच वाक्य ऐकवायचा : ‘लिहिलंय तेवढंच. मनाचं काही नाही.’ रुग्णाचं नाव फाइलीवर एका पट्टीखाली दुमडलेलं असायचं. ती पट्टी उलगडायची नाही, अशी इथली रीत होती. कोड लावणाऱ्याने माणूस पाहू नये, कागद पाहावा. पंचवीस वर्षांत त्याने ती पट्टी एकदाही उलगडली नव्हती, आणि याचा त्याला जरा ताठाही होता.

साखरेच्या फाइली सगळ्यांत जास्त यायच्या. उपाशीपोटी सव्वाशेच्या वर गेली की मधुमेह, सत्तरच्या खाली उतरली की खालची साखर. खालचीचे पुन्हा पोटभेद, औषधाने उतरलेली, आपोआप उतरलेली, कशाने ते न कळलेली. वरचीचे दोन मोठे ढीग. पहिल्या प्रकारात शरीर इन्सुलिन बनवणंच सोडून देतं, सुईवाचून जगणं नाही. त्याचा कोड दहा. दुसऱ्या प्रकारात बनतं पण पुरत नाही, माणूस गोळ्यांवर, पथ्यावर वर्षानुवर्षं काढतो, त्याचा अकरा. आणि डॉक्टरने घाईत नुसतंच ‘मधुमेह’ लिहून पुढे पाऊल टाकलं असेल तर चौदा, म्हणजे प्रकार ठाऊक नाही. पण चौदा लावलेल्या फाइली वरून परत यायच्या, अपुरी माहिती म्हणून. ढीगच्या ढीग परत यायचे. मोठ्या बाई कावून गेल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तोच म्हणाला होता, ‘बाई, शंभरातल्या नव्वदांना दुसराच असतो. प्रकार लिहिला नसला तर सरळ अकरा धरू. दगडापेक्षा वीट मऊ.’ फाइली परत येणं थांबलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बाईंनी सगळ्यांना बिस्किटं आणली. त्याचं अक्षर चांगलं म्हणून नियम त्यालाच लिहायला लावला. तो अजून त्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होता, कडा पिवळ्या पडलेला : प्रकार लिहिलेला नसल्यास ११ धरावा. उरलेल्या दहांचं काय करायचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. बिस्किटं खाताना त्यालाही ते सुचलं नव्हतं.

‘मास्तर, ती यादी बघितलीत ना?’ मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. ‘वर साखरेच्या विभागात नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांना जुन्या फाइली उकरायची हौस. तरुण, अंगाने किडकिडीत रुग्ण आणि कोड अकरा, अशा सगळ्या फाइली काढून तपासल्या म्हणे. नऊ खाडाखोडी, नऊ सह्या. पाच मिनिटांचं काम.’

‘करतो,’ तो म्हणाला.

नवव्या फाइलीपर्यंत तो पोचला तेव्हा सातवी बाजूला पडली होती. मग तीही उघडली. पट्टीखाली बोट घालावंसं वाटलं, पण घातलं नाही. आता उलगडून काय मिळणार होतं? तीन वर्षांपूर्वीचा पहिला कागद. वय तेहतीस. वजन एक्केचाळीस किलो. तीन महिन्यांत सात किलो उतरलं, सतत तहान, रात्री चारदा लघवीला. उपाशीपोटी साखर तीनशे दहा. खाली डॉक्टरचं नुसतं एक फराटेदार ‘मधुमेह’. सगळं लिहिलेलं होतं, फक्त प्रकार लिहिला नव्हता. कुणीही शहाणा माणूस थांबला असता, वर फोन केला असता, डॉक्टरसाहेब, एवढी वाळलेली बाई, हिला नक्की दुसराच ना? तो थांबला नव्हता. तो दिवस आठवण्याचा त्याने जिवापाड प्रयत्न केला. बारकीला खाट त्यानेच मिळवून दिली होती, तिला घरी सोडलं तो गुरुवार होता, तेवढं आठवत होतं. पण ही फाइल हातात आली तो क्षण कुठेच नव्हता. डबा खाऊन झाला असेल, डोळे जड झाले असतील, दिवसाला चाळीस फाइली. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या हातून झाली आणि आपण तेव्हा बहुतेक जांभई देत होतो. फाइलीच्या तळाशी शेवटच्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा अहवाल होता. ती गेल्यावर आठवड्याने आलेला, टाचणी लावून ठेवलेला, कुणी न वाचलेला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, पहिला प्रकार. त्याने अकरावर एक रेघ मारली, वर दहा लिहिले, सही केली. शेपटी वर उडवायची राहून गेली. घड्याळात सव्वाबारा वाजले होते. कागदावर बारकी दुपारी सव्वाबाराला पहिल्या प्रकारात गेली.

कोड नुसता सरकारला जात असता तर एकवेळ चाललं असतं. पण तोच आकडा संगणकातून रुग्णाच्या कार्डावर छापला जायचा. कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी कार्ड पुढे करायचं, की कुणी पुन्हा विचारत नसे. बारकीच्या कार्डावर ‘प्रकार : दोन’ असं छापलेलं होतं. दोन वर्षं गोळ्या झाल्या, मग रात्रीची एक सुई लागली, तेव्हाही कुणी कार्डाच्या पलीकडे पाहिलं नाही. बारकी पडदे शिवायची, मोठमोठ्या कचेऱ्यांचे, आणि हसायची, ‘दादा, माझ्या अंगावर कपडा टाकला तर खिडकीला टांगल्यासारखाच दिसतो.’ घरात सगळेच तिच्या बारीकपणाला हसायचे. लहानपणापासूनच नाव बारकी, मग आणखी बारीक झाली तर लक्षात कुणाच्या येणार?

आणि तो फोन. आठ महिन्यांत त्याने तो फोन मनात इतक्यांदा घडी घालून ठेवला होता की घडीवर कापड विरलं होतं. बारकी सकाळपासून ओकत होती. ‘जेवलीस का?’ त्याने विचारलं. ‘पाणी राहत नाही पोटात, जेवतेय कुठली? साखर दोनशे ऐंशी आहे दादा. सुई घेऊ का नको?’ आणि त्याच्या डोळ्यांसमोर बारकी आली नव्हती, आई आली होती. दोन वर्षांपूर्वीची, स्वयंपाकघरात भिंतीला धरून उभी, घामाने निथळत, गाऊन उलटा घातलेला, त्याच्याकडे बघून त्याच्या मेलेल्या वडिलांना हाक मारणारी. साखर अडतीस. न जेवता सुई घेतली होती तिने. साखरेचं पाणी चमच्याने तिच्या दातांवर ओतताना त्याने जी भीती पाहिली ती पुन्हा पाहायची नव्हती. तेव्हापासून आईची सुई रोज संध्याकाळी तोच द्यायचा. तर फोनवर तो म्हणाला, ‘कार्डावर काय लिहिलंय?’ ती म्हणाली, ‘दोन.’ ‘मग घाबरू नकोस. दुसऱ्या प्रकारात एक-दोन दिवस चालतं. पोटात अन्न नसताना सुई अजिबात घ्यायची नाही. वरची साखर वर्षं घेते, खालची मिनिटं घेते.’ हे वाक्य त्याचं आवडतं होतं. बारकी तेवढ्या ओकाऱ्यांतही हसली होती. ‘तू डॉक्टर कधी झालास रे?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. ‘दादा, धाप लागल्यासारखं होतंय. हे म्हणतायत दवाखान्यात जाऊ.’ ‘अशक्तपणा आहे. आजही सुई नको. आता कुठे जाता, सकाळपर्यंत थांब.’ ती थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने तिला उचलून आणलं तेव्हा ती खोल, मोठे श्वास घेत होती, दमलेला माणूस जिना चढून आल्यावर घेतो तसे, फक्त ते संपत नव्हते. तो तिच्या तोंडाशी वाकला तर पिकलेल्या फळांचा वास आला. कुणी फळं आणून ठेवलीत म्हणून त्याने खाटेखाली वाकून पाहिलं होतं. रक्तात आम्ल साठलं की श्वासाला तसा वास येतो, हे त्याने शेकडो फाइलींत वाचलेलं होतं. दुपारी ती गेली.

कार्डावर छापलेलं होतं, या एका गोष्टीला तो आठ महिने धरून होता. आपण मनाचं काही बोललो नाही, लिहिलेलं होतं तेवढंच बोललो. आणि लिहिणारा कोण, तर हाच. ज्याच्या भरवशावर त्याने बहिणीला सांगितलं होतं तो कुणी मोठा डॉक्टर नव्हता, डबा खाऊन पेंगुळलेला तो स्वतःच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई किती गमतीने म्हणायची. त्याला त्या म्हणीत कधी भीती दिसली नव्हती.

खापर फुटलं ते जावयाच्या डोक्यावर. बारकीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, अबोल माणूस, हाताला कायम वंगणाचा वास. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘तीन दिवस बायको ओकतेय आणि हा यंत्रं दुरुस्त करत फिरतोय. मारलं माझ्या लेकीला.’ तिने त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. आणि मास्तरांनी, लिहिलंय तेवढंच बोलणाऱ्या या माणसाने, तेव्हा मान हलवली होती. नुसती हलवली असती तरी एक वेळ. तो म्हणाला होता, ‘लवकर आणायला हवं होतं.’ जावई समोर उभा होता. त्याने ऐकलं आणि चपला घालून निघून गेला.

दुपारी पोटात दुखतंय असं सांगून तो खात्यातून निघाला. जावई कुठल्या इमारतीत काम करतोय ते त्याच्या दुकानातून कळलं. बारा मजले चढून गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत तो पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती, आणि स्वतःची धाप ऐकून तो दचकला. जावई मोटारीपुढे उकिडवा बसला होता. त्याने वर पाहिलं, फडक्याला हात पुसले आणि एक पालथी बादली पुढे सरकवली. ‘बसा दादा.’

‘जावईबापू, एक सांगायचंय. त्या दिवशी तिला सुई घेऊ नको असं...’

‘माहीत आहे मला,’ जावई म्हणाला. ‘फोन स्पीकरवर होता. मी तिच्या पायाशी बसलो होतो. दोन्ही दिवस.’

खालून कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं, आणि बंद मोटारीत नुसती टिकटिक होत होती.

‘मग बोलला का नाहीत? मी तुमच्या तोंडावर म्हणालो, लवकर आणायला हवं होतं. तेव्हा तरी...’

‘कुणाला सांगू? आईंना?’ जावयाने पाना उचलला, त्याचा जबडा उगाच उघडमीट केला. ‘त्यांची सुई रोज तुम्ही देता, दादा. त्यांना दिसत नाही. तुमच्यावर विश्वास नसेल तर त्या म्हातारीने करायचं काय? एक गेली तेवढी पुरे झाली.’ पाना खाली ठेवत तो म्हणाला, ‘राग येतो तुमचा. नाही असं नाही. पुष्कळ येतो. आता जा तुम्ही, ही सुरू करायची आहे.’

प्रकाराचं काय झालं, यादी, दहा, अकरा, भिंतीवरचा कागद, हे काही त्याने सांगितलंच नाही. ऐकणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं? तो जिन्यानेच उतरला. प्रत्येक मजल्यावर दारांवर नंबर होते. संध्याकाळपर्यंत तो रस्त्यांवरून नुसता चालत राहिला. एका औषधाच्या दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, तो नेहमीसारखाच होता, जरा सभ्य, जरा त्रासलेला. असा माणूस गप्प राहिला तर कुणाला काय कळणार होतं? जावई बोलणार नव्हता. यादी कपाटात गेली होती. आईला कुणी सांगणार नव्हतं, आणि सांगितलं नाही तर तिची सुई, तिची झोप, तिचं उरलेलं आयुष्य व्यवस्थित पार पडणार होतं. गप्प राहणं हीच माया आहे, असं त्याने स्वतःला तीन चौकांपर्यंत समजावलं. चौथ्या चौकात ते त्याला पटेनासं झालं. जावयाची ती माया होती. त्याची सोय होती.

घरी आई टेबलाशी बसली होती, हात पुढे करून, तळवा वर. रोज या वेळी ती अशीच बसायची. खिडकीला बारकीने शिवलेले जाड निळे पडदे, टेबलावर झाकलेलं ताट, शेजारी साखर मोजायचं यंत्र. त्याने बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. ‘किती?’ ‘एकशे शहाऐंशी.’ ‘म्हणजे बरी की वाईट?’ ‘जेवणाआधीची म्हणून जरा वर.’ तो सुईच्या पेनावरची मात्रेची चकती फिरवू लागला आणि आई सवयीने टकटक मोजू लागली. आकडे दिसत नसले तरी ती आवाज मोजायची, निदान मोजल्यासारखं करायची. बाराला तो थांबला.

‘आज तिचा वाढदिवस असता महिन्याने,’ आई म्हणाली. मग चुकलं ते तिच्याच लक्षात आलं. ‘म्हणजे पुढच्या महिन्यात. त्या माणसाला आठवण तरी असेल का रे? मारलं नुसतं लेकीला. ओकत ठेवलं आणि...’

‘आई, त्याने नाही. मी.’

‘काय तू?’

‘तिची सुई मी बंद केली. दोन दिवस. फोनवर सांगितलं, घेऊ नको म्हणून. तो दवाखान्यात न्यायला निघाला होता, तेव्हा सकाळपर्यंत थांब असंही मीच सांगितलं. तिचा आजार वेगळा होता, तिला सुई थांबवायची नव्हती. आणि कागदावर आजाराचा प्रकार चुकीचा लिहिला, तोही मीच. तीन वर्षांपूर्वी. मला ठाऊक नव्हतं आई. आज कळलं.’

आईचं बोट अजून पुढे होतं, टोकावर रक्ताचा थेंब जमत होता. तिने तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरला. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहत होते, तिला तो नेहमीच जरा बाजूला दिसायचा. तिने रडावं, शिव्या द्याव्यात, ताट भिरकावावं, असं त्याला फार वाटलं. त्याने पेनाला नवी सुई लावली, कारण हाताला तेवढंच येत होतं, आणि तिच्या दंडाला हात लावला. आईने दंड काढून घेतला. हळूच काढून घेतला, तापलेल्या भांड्याला हात लागल्यावर काढतो तसा नाही, तर विचार करून.

‘राहू दे,’ ती म्हणाली.

‘आई, जेवायची वेळ झालीय. सुई घ्यायला हवी.’

‘मला फोन लावून दे.’

‘कुणाला?’

‘जावयाला. लावून माझ्या हातात दे. आणि तू जरा बाहेर जा.’

त्याने नंबर लावला, फोन तिच्या हातात दिला, कानाशी नीट धरवला. मग तो दाराबाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला आणि दार ओढून घेतलं. जिन्यात कुणाच्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत असणार. मग आईचा आवाज आला. आठ महिन्यांत ती त्या माणसाशी पहिल्यांदा बोलत होती, आणि आवाज अगदी साधा होता, काल बोलणं झालं असावं तसा.

‘जेवलात का?’ आई म्हणाली. थोडं थांबून, ‘मीही नाही अजून. या तुम्ही. मला सुई द्यायला माणूस हवाय.’

त्याने खाली पाहिलं, तर पेन त्याच्याच हातात राहिलं होतं, बारावर फिरवलेलं. ते आत द्यायला हवं होतं. त्याने दार वाजवलं.

‘थांब,’ आई आतून म्हणाली. ‘ते येईपर्यंत थांब.’